गंगाद्वाराची कपार

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या भेटीसाठी त्र्यंबकेश्वरी पायी निघालेल्या दिंड्यांना आषाढीच्या वाटेवरचा पाऊस लागत नाही. लागते ती पहाटेची थंडी, आणि तिच्याहून जास्त छळतो तो डांबरी रस्ता. सिन्नर, नाशिक, महिरावणी ही गावे माझ्या मनात आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. काकड्याला उठायचे, गार पाण्याने तोंड धुवायचे आणि टाळांच्या मागे चालू लागायचे, एवढेच आठवते. अंजनेरीचा डोंगर डाव्या हाताला आला तेव्हा माझ्या उजव्या टाचेला फोड आला होता. कुशावर्तातले स्नान गर्दीत कसेबसे उरकले.

दुपारी ब्रह्मगिरी डोंगरावरच्या गंगाद्वाराच्या पायऱ्या चढायला घेतल्या. त्या सुमारे ७५० आहेत, हे खाली ऐकायला सोपे वाटते. माझ्या पुढचा एक तरुण मोबाइलवर मोठ्याने भजन लावून चढत होता आणि दर वळणावर फोटोसाठी थांबत होता. तोंडाने ‘ज्ञानोबा-तुकाराम’ चालू असताना मनात त्याच्याविषयी जे काही येत होते, ते इथे लिहिण्यासारखे नाही. शेवटी टाचेने साथ सोडली आणि मी वाट सोडून एका कपारीखाली बसलो.

तिथे आधीच एक आजी टेकल्या होत्या. दुसऱ्या कुठल्याशा दिंडीतल्या असाव्यात. त्यांनी माझे गाव विचारले नाही, मीही त्यांचे विचारले नाही. माझ्या पायाकडे बघून त्या म्हणाल्या, “मोजा काढ, माउली. पाय दे हिकडं.” वयाने एवढ्या मोठ्या बाईच्या मांडीवर पाय ठेवायचा, या विचाराने मी मागे सरलो, तशा त्या वैतागल्या. “वारीत कुणाचा पाय न् कुणाचा हात! दे म्हन्ते ना.” त्यांनी पिशवीतून सुई आणि पांढरा दोरा काढला, दोरा खोबरेल तेलात भिजवला आणि फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढली. मला काहीच दुखले नाही. दोऱ्याची दोन्ही टोके बोटभर बाहेर ठेवून त्यांनी तो तोडला, आणि थोड्याच वेळात आतले पाणी दोऱ्यावरून थेंबाथेंबाने उतरू लागले. “कातडं सोलू नको आन् दोरा वढू नको,” एवढे बजावून त्या पुन्हा जपाला लागल्या.

पाय सुकेपर्यंत उठता येणार नव्हते, म्हणून मी डोक्यावरचा खडक पाहत राहिलो. वर काळा, टणक थर होता आणि त्याच्याखाली एक तांबूस, ठिसूळ पट्टा आत खचत गेला होता. नखाने खरवडला तर त्याची माती हातात येत होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा सह्याद्री बनला. दोन थरांमधला मऊ भाग पाण्याने झिजतो, वरचा कठीण थर छपरासारखा पुढे उरतो आणि डोंगराला अशा कपारी पडतात. नाथपंथी इथे आले ते बहुधा अशाच तयार आडोशांच्या आधाराने.

वर निवृत्तिनाथांचे गुरू गहिनीनाथ यांच्या गुंफेपाशी रेटारेटी, नारळाच्या शेंड्या, उदबत्तीचा धूर आणि “चला, पुढे चला” असा ओरडा होता. मी चिडूनच आत वाकलो आणि कपाळ गार दगडाला टेकले, तेव्हा डोळ्यांत पाणी का आले, ते मला सांगता येणार नाही. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, विठ्ठलपंतांच्या कुटुंबाची पांगापांग झाली आणि निवृत्ती वाट चुकून या गुंफेत शिरले, ही कथा आपण कीर्तनांतून लहानपणापासून ऐकतो. कीर्तनकार भर देतात तो अनुग्रहावर. मला मात्र त्या दिवशी आधी दिसले ते एक घाबरलेले पोर, ज्याच्या आईबापांना समाजाने आधीच वाळीत टाकले होते. ते गुरू शोधायला निघाले नव्हते. जीव वाचवायला जागा मिळेल तिथे शिरले होते.

उतरताना आजी त्या कपारीखाली नव्हत्या. समाधीच्या दर्शनबारीत रात्र गेली आणि तिथेही पुढे घुसणाऱ्या एकाशी माझी बाचाबाची झाली. तो दोरा मी परतीच्या एसटीत ओढून काढला. खालची कातडी तोवर कोरडी झाली होती.