हॅरी किमच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अमेरिकन अवकाश-मालिकेचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. आमच्या नाटकातली मुलं तालमीनंतर विचारतात, फोंड्याचे मित्र विचारतात, आणि जिला मी ही मालिका पाहायला लावली ती भाचीही आता विचारते: कॅप्टन जेनवे आहे, सेव्हन आहे, डॉक्टर आहे, मग मामा, तू सारखा त्या हॅरी किमबद्दलच का बोलतोस? त्याला तर कुणी धड लिहिलेलंसुद्धा नाही.

नाही लिहिलेलं, आणि तेच माझ्या जिवाला लागतं.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९५ ते २००१, सात पर्वं. पहिल्याच भागात व्हॉयेजर हे यान पृथ्वीपासून ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं. परतीच्या वाटेला ७५ वर्षं लागणार असतात. हॅरीची ही पहिलीच नेमणूक. हुद्दा एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांतली सगळ्यात खालची पायरी. गॅरेट वँग या नटानं ते काम केलं. त्याच पहिल्या भागात जेनवे सांगते की यान निघण्याआधी हॅरीच्या आईचा फोन आला होता. पोरगा आपली क्लॅरिनेट घरी विसरला होता, पाठवायला वेळ आहे का, असं ती विचारत होती. वेळ नव्हता. गोव्यात ज्या घरातलं कुणी बोटीवर आहे, त्या घराला हा फोन समजावून सांगावा लागत नाही. दोन वाक्यांत अख्खा मुलगा उभा राहिला होता. त्या वेळी मला वाटलं, हे लोक याच्याकडे नीट बघणार.

सात पर्वांनंतरही तो एन्साइनच राहतो. लोकांना एवढंच आठवतं. यानावरच्या टूवॉक या अधिकाऱ्याला चौथ्या पर्वात बढती मिळते. हॅरीचा मित्र टॉम पॅरिस याचा हुद्दा पाचव्या पर्वात काढून घेतला जातो आणि सहाव्याच्या शेवटी परत मिळतो. कॅप्टननं त्याच्या खुर्चीवर हुद्द्याचं चिन्ह असलेली छोटी डबी ठेवलेली असते, आणि शेजारी उभा हॅरी म्हणतो की माझ्या खुर्चीवर काही डबी दिसली नाही. वँगनं पुढे मुलाखतींत सांगितलंय की बढतीचं विचारल्यावर त्याला उत्तर मिळालं, कुणीतरी एन्साइन असायलाच हवा ना. २०२४ साली ‘लोअर डेक्स’ या कार्टून मालिकेत तर वेगवेगळ्या विश्वांतले कितीतरी हॅरी किम एका यानावर आणून याच गोष्टीवर अख्खा भाग केला. लोक पोट धरून हसले. मला वाईट वाटलं, कारण खरं दुखणं त्या बढतीत नाहीच.

त्याला प्रसंग कमी मिळाले, असंही नाही. तो परग्रहावरच्या तुरुंगात सडलाय, एका परक्या जहाजाचा कप्तान झालाय, भलत्याच काळात जागा झालाय. त्याच्याबाबत फार काही घडतं. फक्त घडलेलं काहीच त्याच्याजवळ राहू दिलं जात नाही. पुढच्या भागात तो पुन्हा तसाच, नुकती आंघोळ करून आल्यासारखा, आपल्या जागेवर उभा.

दुसऱ्या पर्वातला ‘डेडलॉक’ हा भाग घ्या. एका अपघातात यानाच्या दोन प्रती होतात, दोन्ही खऱ्या, दोन्हींत तीच माणसं. आपण ज्या यानावर असतो त्याला भगदाड पडतं आणि हॅरी त्यातून अवकाशात ओढला जाऊन मरतो. त्याच यानावर सॅमंथा वाइल्डमन या सहकारी बाईचं नुकतं जन्मलेलं बाळही मरतं. दुसऱ्या यानावर शत्रू चढतात, तेव्हा तिथली जेनवे ते यान उडवून द्यायचं ठरवते, पण त्याआधी आपल्याकडच्या हॅरीला ते जिवंत बाळ घेऊन इकडे पाठवते. म्हणजे इथून पुढे पाच पर्वं आपण ज्याला पाहतो, तो दुसरा हॅरी. पहिला मेला. भागाच्या शेवटी हा दुसरा हॅरी कॅप्टनला एवढंच म्हणतो की हे सगळं विचित्र वाटतंय. ती म्हणते, विचित्रपणा आपल्या कामाचाच भाग आहे. झालं. त्यानंतर हा विषय पुन्हा निघत नाही.

मी हा भाग पाहून उठलो आणि मला झोप लागेना. मालिकेनं याच्या हातात जगातला सगळ्यात मोठा प्रश्न दिला होता: मी ज्याच्या खोलीत झोपतो, ज्याचे कपडे घालतो, ज्याच्या मित्रांशी पत्ते खेळतो, तो माणूस मेलाय, आणि त्याच्यासाठी कुणी शोकसुद्धा केला नाही, कारण मी आलो. असा प्रश्न दिला आणि लगेच काढून घेतला.

उत्सवी रंगभूमीवर वाढलेल्या माणसाला हे सहन होत नाही. देवळाच्या जत्रेला नाटक बसवायचं तर गावातल्या पुष्कळ जणांना काम द्यावं लागतं. कुणाला हुजऱ्याचं, कुणाला हेराचं. काम लहान असण्यात कमीपणा नसतो. पण दुसऱ्या अंकात ज्याच्या डोळ्यांदेखत धनी मारला गेला तो हुजऱ्या तिसऱ्या अंकात आधीच्याच हसऱ्या तोंडानं तबक घेऊन आला, तर समोर बसलेल्या आजीसुद्धा चुळबुळायला लागतात. त्याला वाक्य नसलं तरी चालतं, दुसरा अंक त्याच्या अंगावर दिसला पाहिजे. मुलांना मी तालमीत हेच सांगतो, आणि म्हणूनच तालमीत हॅरी किम निघतो.

वँगनं काम वाईट केलं असतं तर मी इतका गुंतलो नसतो. मानवी पात्रं करणाऱ्यांनी भावना आवरून धराव्यात, म्हणजे परग्रहवासी उठून दिसतील, असं आपल्याला सांगण्यात आल्याचं त्यानं सांगितलंय. त्या लगामाखाली तो काम करत होता. तो सुटला की काय होतं ते पाचव्या पर्वातल्या ‘टाइमलेस’मध्ये बघा. मालिकेचा शंभरावा भाग, दिग्दर्शक लेव्हार बर्टन. हॅरीच्या चुकलेल्या गणितामुळे यान एका बर्फाळ ग्रहावर आदळतं आणि सगळे मरतात. वाचतात फक्त तो आणि यानाचा उपकप्तान चकोटे. पंधरा वर्षांनंतरचा हॅरी आपल्याला भेटतो: केस पिकलेले, बोलणं तुटक, डोळ्यांत शांतता नाही. काळ उलटवून ती चूक पुसायची, एवढ्यासाठी तो जगतोय. हे काम पाहिल्यावर नटात काही कमी होतं असं कुणी म्हणू नये. चूक पुसली जाते आणि तो पिकल्या केसांचा माणूसही पुसला जातो. मागे राहतो त्यानं धाकट्या हॅरीसाठी पाठवलेला निरोप. तो निरोप ऐकलेला मुलगा पुढच्या भागात बदललेला असायला हवा होता.

करता येत नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. सेव्हन चौथ्या पर्वात आली आणि तिला प्रत्येक जखम सांभाळू दिली गेली. तेच लेखक, तीच मालिका.

सातव्या पर्वात अखेर हॅरी पडद्यावर आईवडिलांशी बोलतो. आई बढतीचं विचारते. तिला काय ठाऊक, की जो तिच्याशी बोलतोय तो तिनं निरोप दिलेला मुलगा आहे की दुसरा? तिच्यापुरता दोघांत फरक नाही, हेही एक उत्तर झालं असतं, फार सुंदर उत्तर. पण प्रश्नच कुणी मांडला नाही.

मग पुढचा प्रश्न येतो: तुमच्या हातात असतं तर तुम्ही त्याला बढती दिली असती का? बढती नंतरही देता आली असती. मी आधी एक प्रवेश लिहिला असता. ‘डेडलॉक’मधलं ते बाळ, नेओमी, यानावरच मोठं होतं. शेवटच्या पर्वांत ती चुणचुणीत मुलगी आहे, सगळ्यांना प्रश्न विचारत हिंडते. त्या बुडालेल्या यानावरून या यानावर आलेली माणसं दोनच, ती आणि तिला कुशीत घेऊन धावलेला हॅरी. तिनं त्याला विचारायला हवं होतं की मी कुठून आले. आणि त्यानं काम बाजूला ठेवून, काही न लपवता, तिला सगळं सांगायला हवं होतं.

पाच मिनिटांचा प्रवेश, दोन पात्रं, एक खोली. नवा सेटसुद्धा लागला नसता.