६०० फुटांची रेघ

काही वर्षांपूर्वी, कॅलिफोर्नियातल्या ज्या लहान शहरात मी राहते तिथे, वैद्यकीय गांजा विकणाऱ्या दुकानांना जागा द्यायची का, आणि द्यायची तर कुठे, या प्रश्नावर प्लॅनिंग कमिशनची जाहीर सुनावणी झाली. मी तिथे गेले ती शेजारच्या आजींमुळे. त्यांची केमोथेरपी चालू होती, पोटात अन्न ठरत नव्हते, आणि मळमळीवरची नेहमीची औषधे पुरेनाशी झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना वैद्यकीय गांजाची लेखी शिफारस दिली होती. शिफारस हातात होती, दुकान मात्र तिसऱ्याच शहरात, गाडीने पाऊण तासावर होते. केमोथेरपीच्या आठवड्यात त्यांना स्वतः गाडी चालवणे शक्य नसे, त्यामुळे दोन-तीन वेळा मी त्यांना घेऊन गेले. परतीच्या वाटेवर त्या डोळे मिटून बसलेल्या असत आणि मी मनातल्या मनात विचारत असे की, आमच्या शहरात औषधांची इतकी दुकाने असताना हे एकच औषध इतक्या लांब का असावे.

अशा दुकानाला इथे ‘डिस्पेन्सरी’ म्हणतात, आणि हा शब्द मराठी माणसाला फसवतो. आपल्या कानाला तो दवाखान्यासारखा लागतो आणि डोळ्यांपुढे डॉक्टर, कंपाउंडर, बाकावर बसलेले रुग्ण येतात. इथल्या डिस्पेन्सरीत डॉक्टर नसतो; ते फक्त दुकान असते. आणि ते वेगळे दुकान का लागते, याच्या उत्तरातच पुढचा सगळा गुंता आहे. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९७० च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा सर्वांत कडक अनुसूचीत टाकला. त्यामुळे डॉक्टर त्याचे प्रिस्क्रिप्शन लिहू शकत नाहीत, केवळ शिफारस करू शकतात, आणि नेहमीची फार्मसी तो ठेवू शकत नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर १९९६ मध्ये प्रपोझिशन २१५ मंजूर करून रुग्णाला राज्याच्या फौजदारी कायद्यापासून संरक्षण दिले, परंतु त्याने तो कुठून आणायचा, याची व्यवस्था त्या कायद्यात नव्हती. ती पोकळी डिस्पेन्सऱ्यांनी भरली. जे औषध फार्मसीच्या फळीवर ठेवता आले असते तर झोनिंगचा प्रश्नच उद्भवला नसता, त्यासाठी शहराच्या नकाशावर नवी जागा शोधणे भाग पडले.

झोनिंग म्हणजे कोणत्या भूखंडावर काय चालेल, हे ठरवण्याचा शहराचा अधिकार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये युक्लिड या ओहायोतल्या गावाच्या खटल्यात तो मान्य केला, आणि तेव्हापासून घरे, दुकाने, कारखाने यांचे रंगीत पट्टे बहुतेक शहरांच्या नकाशांवर असतात. सुनावणीच्या संध्याकाळी असाच एक नकाशा भिंतीवर दाखवला गेला. व्यापारी पट्टा लाल होता, त्यावर शाळा, पाळणाघरे, बागा आणि प्रार्थनास्थळांभोवती करड्या रंगाची वर्तुळे होती, आणि त्या वर्तुळांतून जे शिल्लक राहिले ते हिरव्या रंगात दाखवले होते. हिरवे ठिपके चार होते. त्यांपैकी तीन महामार्गापलीकडच्या गोदामांच्या भागात, जिथे संध्याकाळी सहानंतर दिवेही नसतात.

शाळेसारख्या जागांपासून दुकान किती दूर हवे, या अटीकडे मी थोडे थांबून पाहू इच्छिते, कारण सभागृहात ६०० फूट, ८०० फूट, १००० फूट असे आकडे लिलावात बोली लागावी तसे वाढत होते, आणि त्या वाढीचा अर्थ कोणी सांगत नव्हते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने २०११ पासून शाळेपासून ६०० फुटांची, म्हणजे सुमारे १८३ मीटरची, अट घातली आणि शहरांना त्याहून कडक होण्याची मुभा दिली. अंतर वाढते तसे वर्ज्य क्षेत्र त्याच प्रमाणात वाढत नाही, फार वेगाने वाढते. एका बिंदूभोवती ६०० फुटांचे वर्तुळ सुमारे २६ एकर व्यापते, १००० फुटांचे सुमारे ७२ एकर. शाळा तर बिंदू नसते. मोजमाप तिच्या हद्दीपासून होते. १० एकरांच्या चौरस शाळेभोवती ६०० फुटांची पट्टी धरली, तर शाळा धरून सुमारे ७२ एकर जमीन बाद होते. १००० फुटांची धरली, तर सुमारे १४३ एकर. लहान शहरात शाळा चार-पाच असतात, शिवाय पाळणाघरे आणि बागा. एखाद्या सदस्याने ‘चारशे फूट आणखी घालू’ असे सहज म्हणावे आणि त्या एका वाक्यात मुख्य रस्त्यावरची सगळी दुकाने नकाशावरून पुसली जावीत, हे मी त्या रात्री प्रत्यक्ष पाहिले.

मोजण्याची रीतही तितकीच निर्णायक असते. त्या कायद्याप्रमाणे अंतर मोजायचे ते शाळेच्या हद्दीपासून दुकानाच्या भूखंडाच्या सर्वांत जवळच्या हद्दीपर्यंत, सरळ रेषेत, मधल्या बांधकामांचा विचार न करता. मध्ये रेल्वेचा रूळ असो किंवा आठ पदरी महामार्ग असो, आणि मुलाला तिथे पोहोचायला मैलभर वळसा पडत असो, तो भूखंड बादच. आमच्याकडची बसथांब्याशेजारची सर्वांत सोयीची जागा अशाच कारणाने गेली. ती आणि शाळा यांच्या मधे पुराच्या पाण्याचा काँक्रीटचा कालवा आहे आणि त्यावर त्या भागात पूल नाही.

अंतराची ही कल्पना गांजासाठी जन्मलेली नाही, हे मला नंतर वाचताना कळले आणि त्याने बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. प्रौढांसाठीच्या चित्रपटगृहांना डेट्रॉइट शहराने एकमेकांपासून आणि वस्त्यांपासून, तर रेंटन शहराने शाळा, चर्च आणि वस्त्यांपासून दूर ठेवणारे नियम केले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७६ आणि १९८६ मध्ये ते उचलून धरले. पुढे डिस्पेन्सऱ्या आल्या तेव्हा अनेक शहरांच्या नियमांनी त्याच साच्यात आकार घेतला. त्यावर संघराज्याच्या कायद्याची छायाही होती, कारण शाळेपासून १००० फुटांच्या आत अमली पदार्थ विकल्यास त्या कायद्याप्रमाणे कमाल शिक्षा दुप्पट होते, आणि २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघराज्याच्या सरकारी वकिलांनी डिस्पेन्सऱ्यांच्या घरमालकांना मालमत्ता जप्तीचा इशारा देणारी पत्रे पाठवली तेव्हा ते अंतर सगळ्यांच्या तोंडी झाले. डिसेंबर २०१४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, न्याय विभागाला राज्यांच्या वैद्यकीय गांजा कायद्यांच्या आड येण्यासाठी निधी वापरण्यास मनाई केली, तरी नियमांमधली रेघ राहिली ती राहिलीच. उपद्रव मानलेल्या धंद्यासाठी आखलेला नियम औषधाला लावला, की रुग्ण त्या नियमात कुठेच नसतो, हे माझे मुख्य म्हणणे आहे. शाळेपासूनचे अंतर मोजले जाते. रुग्णाच्या दारापासूनचे अंतर कोणी मोजत नाही.

शहराला इतका अधिकार आहे का, असे मला त्या वेळी वाटले होते. आहे. रिव्हरसाइड शहराने झोनिंगच्या नियमांत डिस्पेन्सरी हा निषिद्ध वापर ठरवला होता, आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१३ रोजी एकमताने निकाल दिला की राज्याच्या १९९६ आणि २००३ च्या वैद्यकीय गांजा कायद्यांनी काही फौजदारी शिक्षा काढल्या, परंतु जमिनीच्या वापरावरचा शहरांचा अधिकार काढून घेतला नाही. कायद्याच्या शब्दांकडे पाहता तो निकाल मला पटतो. त्याचा परिणाम मात्र असा झाला की रुग्णाचा राज्याने मान्य केलेला हक्क शहरागणिक बदलू लागला, आणि एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन शहरे असतील तर एका बाजूला दुकान व दुसऱ्या बाजूला बंदी, असे चित्र शक्य झाले.

इतर राज्यांनी हा तोल वेगवेगळ्या तऱ्हेने साधण्याचा प्रयत्न केला आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये वैद्यकीय गांजाला मान्यता देणाऱ्या २०१२ च्या मतदानानंतर वेकफिल्ड गावाने सरसकट बंदी घातली, ती राज्याच्या ॲटर्नी जनरल मार्था कोकली यांनी मार्च २०१३ मध्ये नामंजूर केली; गावांनी जागा ठरवावी, पण दार पूर्ण बंद करू नये, अशी ती भूमिका होती. फ्लोरिडाचा २०१७ चा कायदा मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. तिथे शहर डिस्पेन्सऱ्यांवर बंदी घालू शकते, पण परवानगी दिली तर फार्मसीला लागू असलेल्या नियमांहून जागेबाबत कडक नियम करू शकत नाही. शाळेपासून ५०० फुटांची अट तेवढी वेगळी. डिस्पेन्सरी ही फार्मसीसारखी मानावी, हे तत्त्व मला मनापासून योग्य वाटते, परंतु सोबत बंदीचा मार्ग मोकळा ठेवल्यामुळे अनेक शहरांनी तोच धरला. ॲरिझोनाने २०१० मध्ये रुग्णाच्या बाजूनेही अंतर मोजले: २५ मैलांच्या आत डिस्पेन्सरी नसेल, तर रुग्णाला घरी १२ रोपांपर्यंत लागवड करता येते. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाने रोपे कशी वाढवावीत, हा प्रश्न उरतोच; तरी रुग्ण कुठे राहतो याची नोंद घेणारा तो नियम आहे, आणि असे नियम मला फार थोडे दिसले.

सुनावणीत सर्वाधिक बोलले गेले ते गुन्ह्यांबद्दल. रोख रकमेचा व्यवहार, रात्रीची वर्दळ, मुलांची सुरक्षितता, या काळज्या खऱ्या आहेत आणि त्या बोलून दाखवणाऱ्या आईवडिलांना मी विरोधक मानत नाही. माझीही मुले इथल्याच शाळेत शिकली. पण उपलब्ध अभ्यास त्या भीतीला सरळ दुजोरा देत नाहीत. सॅक्रामेंटोवरच्या २०१२ च्या एका अभ्यासात डिस्पेन्सऱ्यांची दाटी आणि गुन्हे यांच्यात संबंध आढळला नाही. लॉस एंजेलिसने २०१० मध्ये शेकडो डिस्पेन्सऱ्यांना बंद करण्याचे आदेश दिले, तेव्हा टॉम चँग आणि मिरेल जेकबसन या संशोधकांना असे दिसले की बंद झालेल्या दुकानांच्या लगतच्या भागात, चालू राहिलेल्यांच्या तुलनेत, गुन्हे वाढले. बंद पडलेल्या उपाहारगृहांच्या आसपासही त्यांना तसेच आढळले. चालू दुकानामुळे रस्त्यावर माणसे असतात, आणि माणसांच्या नजरेत चोरी अवघड होते. तसे असेल, तर दुकान अंधाऱ्या गोदामांत ढकलण्यात सुरक्षिततेचाही तोटाच आहे. पहारेकरी, कॅमेरे, बंद होण्याची वेळ, दर्शनी भागाची मांडणी, या अटी परवान्यात घालता येतात आणि माझ्या मते भर तिथे असायला हवा.

माझ्या वाट्याच्या तीन मिनिटांत मी एकच विचारले: त्या चार हिरव्या ठिपक्यांपैकी बसने पोहोचता येईल असे किती? नियोजन अधिकारी सौजन्याने म्हणाले की तसे मोजलेले नाही. निर्णय व्हायला चौदा महिने लागले, १००० फुटांची अट कायम झाली, आणि तोवर आजींचे उपचार संपलेही होते.

१ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियात कोणतेही शहर रुग्णाच्या घरी वैद्यकीय गांजा पोहोचवण्यावर बंदी घालू शकत नाही. ही मोठी सोय आहे आणि आजींच्या वेळी ती असती तर आमच्या त्या फेऱ्या वाचल्या असत्या. तरीही पहिल्यांदा घेणाऱ्या वृद्ध माणसाला समोरासमोर विचारण्यासारखे पुष्कळ असते: मात्रा किती, परिणाम किती वेळाने, सोबतच्या औषधांचे काय. दारात पुडके देऊन जाणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

आमच्या शहराचा नियम आता फेरविचारासाठी आला आहे. मी लेखी निवेदन दिले असून त्यात दोनच मागण्या आहेत: नकाशावर बसथांबे दाखवावेत, आणि शाळेपासूनचे अंतर प्रत्यक्ष चालण्याच्या वाटेने मोजावे. निवेदनासोबत त्या कालव्याच्या दोन्ही काठांवरून काढलेली छायाचित्रे जोडली आहेत.