उणे तीस आणि काकांचा प्रश्न

शिकागोत कडाका पडला की साताऱ्याहून काकांचा फोन येतोच. "काय रे, कुठे गेलं तुमचं ते ग्लोबल वॉर्मिंग?" ते टोमणा मारत नाहीत, त्यांना खरंच समजून घ्यायचं असतं. फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

३० जानेवारी २०१९. ओहेअर विमानतळावर पारा उणे ३० अंश सेल्सियसच्याही खाली गेला होता आणि वाऱ्यामुळे अंगाला ती थंडी उणे ४५च्या पुढची लागत होती. आमच्या दाराच्या बिजागऱ्यांवर घराच्या आतून बर्फ धरलेला. बाहेर पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस काड्यांसारखे ताठ झाले. गाडीचे टायर रात्रभर टेकले तिथे चपटे होऊन बसलेले. कोपऱ्यापर्यंत गाडी धबधब करत गेली. लोकल गाड्यांच्या रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून शेजारी गॅसच्या ज्वाळा पेटवल्या होत्या. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी पेपरात फोटो येतो, त्या गावाजवळून आलेला मी हे सगळं बघतच राहिलो.

ही थंडी आली कुठून? उत्तर ध्रुवावर हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. तिथली हवा गोठत जाते आणि तिच्याभोवती, जमिनीपासून साधारण १५ ते ५० किलोमीटर उंचीवर, पश्चिमेचे जोरदार वारे गरगरत राहतात. हाच ध्रुवीय भोवरा. काका, तुम्हीच मला भोवरा फिरवायला शिकवलात. जाळीचा झटका नीट बसला की तो एका जागी उभा राहतो, वेग उतरला की झोकांड्या खातो. इथेही तसंच. रॉकी पर्वत, आपला हिमालय, जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक, यांमुळे हवेत हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा उठतात. त्या वर जाऊन फुटल्या की भोवऱ्याचा वेग मारतात. मग ध्रुवावरची हवा खाली दबते आणि दबल्यामुळे तापते, कधी काही दिवसांत तीस-चाळीस अंशांनी! बर्लिनच्या रिशार्ड शेरहाग यांनी १९५२ साली हे प्रथम टिपलं. २०१९च्या जानेवारीच्या सुरुवातीला असंच झालं आणि भोवरा फुटला. पुढच्या काही आठवड्यांत खालचे वारेही वाकले आणि ध्रुवाकडची हवा आमच्या दारात आली.

म्हणजे थंडी नव्याने तयार झाली नव्हती, ती जागा सोडून आली होती. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्या नोंदींतला सर्वांत उष्ण जानेवारी भोगला.

आता अवघड भाग. आर्क्टिक उर्वरित जगापेक्षा कितीतरी वेगाने तापतोय, १९७९पासून जवळजवळ चौपट. त्यामुळे भोवरा जास्त वेळा डळमळतो का? जुडा कोहेन यांच्यासारखे शास्त्रज्ञ हो म्हणतात, इतर अनेकांना पुरावा पुरेसा वाटत नाही. "ही थंडी तापमानवाढीमुळेच" असं सांगितलं तर माझं काम सोपं होईल, पण मी ते सांगणार नाही. मोजमापं सांगतात ते वेगळंच आहे: एकूणात असे कडाके विरळ आणि सौम्य होत चाललेत. शिकागोचा नीचांक आजही जानेवारी १९८५चाच आहे, जवळपास उणे ३३.

आणि काका, त्या बुधवारनंतर आठवडाही झाला नव्हता, तोवर पारा शून्याच्या वर गेला. रात्री झोपताना छपरावरून पाणी ठिबकत होतं.