राजापूरचे सडे: दीपकाडीपासून सीतेच्या आसवांपर्यंत

रत्नागिरीहून पावसमार्गे आडिवऱ्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार लागतं. सातबाऱ्यावर हा कातळ बहुधा 'पोटखराब', म्हणजे लागवडीला नालायक. त्यामुळे बांधकामाचे चिरे कापायला चिरेखाण काढताना वर काय उगवतं, हे सहसा कुणी विचारत नाही. मे महिन्यात बघाल तर तुम्हीही विचारणार नाही.

वेळ चुकली तर फेरी फुकट. पांढरी दीपकाडी, कोकणातली प्रदेशनिष्ठ म्हणजे बाहेर सहसा न आढळणारी, पहिल्या पावसांनंतर जूनमध्ये फुलते आणि लवकरच आटोपते. गेंद, दवबिंदू आणि सीतेची आसवं ही फुलं हवी असतील तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर.

फुलं शोधायची म्हणजे आधी पाणी शोधायचं. दीपकाडीचा कंद कातळाच्या खळग्यातल्या चार बोटं मातीत असतो. गेंद उथळ डबक्यांच्या काठाला. सीतेची आसवं जिथे पाणी नुसतं झिरपतं तिथे. जांभ्यावरच्या मातीत नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून सीतेची आसवं ही वनस्पती किडे खाते. काठची माती वाहून गेलेली असेल तर दहापट भिंगातून धाग्यांवरचे बारीक फुगे दिसतात, तेच तिचे सापळे. उपटून बघू नका. पाय उघड्या काळ्या कातळावर ठेवा, ओल्या मातीच्या पापुद्र्यावर नाही. शेवाळलेला जांभा मात्र भयंकर निसरडा.

जुन्या चिरेखाणीच्या कडेला जाऊ नका. यंत्राच्या पात्यांनी कापलेल्या भिंती सरळसोट असतात, पावसात खड्डा भरतो आणि गवतामुळे कड दिसत नाही. खाण माती टाकून बुजवली तरी ही झाडं परतत नाहीत: त्यांना कातळ आणि त्यावर साठणारं बोटभर पाणी लागतं, खोल माती मिळाली की तिथे रानमोडी आणि गिरिपुष्प ही बाहेरून आलेली झाडं माजतात. आंबा-काजूसाठी सुरुंग लावून केलेले खड्डेही तेच नुकसान करतात, फक्त त्याला कुणी खाण म्हणत नाही.

कशेळीचं हत्तीचं कातळशिल्प, म्हणजे कातळावर कोरलेलं चित्र, याच वाटेवर आहे. 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलेल्या स्थळांपैकी ते एक. रेषांवर पाय देऊ नका. देवाचे गोठणेलाही जाणार असाल तर तिथल्या शिल्पापाशी होकायंत्र भरकटतं. वाटेसाठी मोबाईलचा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

घोट्यापर्यंतचे बूट हवेतच. सुटे दगड उचलू नका, खाली फुरसं हा विषारी साप असू शकतो. ढग गडगडले की लगेच खाली उतरा, सड्यावर आडोसा नाही. आणि जमीन खासगी आहे, वाडीत विचारूनच वर जा.