लेथवरची टकळी : आमची वाटचाल

बाबांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतला तेव्हा आजूबाजूला सगळी इंजिनिअरिंगची खडखड होती. बुश, पिना, शाफ्ट, जे ड्रॉइंग येईल ते बाबा काढून द्यायचे. पुढे मोठे कारखाने एकेक करून हलले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि जॉबवर्क आटत गेलं. लेथ मशीन तेवढं ठणठणीत होतं, आणि बाबा घरी बसणाऱ्यातले नव्हते. मी तेव्हा हिशेब बघायला जायची. बघण्यासारखा हिशेब फारसा उरला नव्हता, ते सोडा.

नौपाड्यातल्या एक काकू एके दिवशी हाताने सूत कातायची टकळी घेऊन गाळ्यात आल्या. फुलवाती आणि देवाची वस्त्रं करून कापसावर त्यांचा हात बसलेला, पण सूत काही निघेना. "डुलते हो ही. बघता का जरा?" बाबांनी टकळी चकमध्ये धरली, डोलणं मोजायचा डायल गेज लावला. चकतीचं भोक मध्यावर नव्हतंच, वर सळईही वाकलेली. "काकू, तुमचा हात चांगला आहे. हिच्यातच खोट आहे," बाबा म्हणाले आणि तिथल्या तिथे नवी करून दिली. काकूंनी भजनी मंडळात सांगितलं, मंडळाने भिशीत सांगितलं. आमची जाहिरात ती एवढीच.

नवशिक्याचा धागा तुटला की तो स्वतःला दोष देतो आणि सगळं सामान माळ्यावर टाकतो. पुष्कळदा दोष अवजाराचा असतो. आम्ही धंदा केला तो एवढ्याच गोष्टीवर.

टकळी दिसायला साधी : पितळेची चकती, स्टीलची सळई, वरच्या टोकाला आकडी. चकती सळईवर दाबून बसवली की तिच्यावरून पुन्हा एक बारीक कट घेतो, म्हणजे फिरताना ती लचकत नाही. खरा वेळ खाते ती आकडी. कानशीने खाच पाडली की कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धार, राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण कापसाचा तंतू त्यात अडकतो आणि धागा नेमका तिथे तुटतो. म्हणून आधी पॉलिश पेपर, मग पॉलिशची पेस्ट लावलेली दोरी खाचेतून मागे-पुढे ओढायची, आणि शेवटी पेळूतला, म्हणजे कातायला गुंडाळलेल्या कापसातला, विरळ पुंजका आकडीवरून फिरवायचा. एक तंतू जरी मागे राहिला तरी टकळी परत बाबांच्या टेबलावर.

गिऱ्हाईक आलं की आमचा पहिला प्रश्न : कातणार काय? कापसाचा तंतू जेमतेम इंच-सव्वा इंचाचा. जड टकळी हवेत लोंबती सोडली तर पीळ भरायच्या आत धागा निसटतो. त्याला हलकी टकळी हवी, वाटीत टेकवून फिरवायची. लोकरीचा तंतू लांब असतो, तिथे लाकडी चकतीची जड टकळी चालते. परदेशी व्हिडिओ बघून येणारी मंडळी हटकून लोकरीची टकळी मागतात आणि तिच्यावर कापूस घेऊन बसतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीची, राठ. गळ्याभोवती टोचते, पण आसनाला उत्तम. हे समजावण्यात अर्धा तास गेला आणि विक्री एका टकळीची झाली, तरी बाबांचं काही म्हणणं नसतं. माझं असतं.

सूत जमलं की लोकांना विणायचं असतं, म्हणून टेबलावरचा छोटा माग आला. त्याच्या फणीत एक भोक, एक फट अशी ओळ असते. भोकातले धागे फणीबरोबर वर-खाली होतात, फटीतले जागेवर राहतात आणि मधल्या पोकळीतून आडवा धागा नेणारा धोटा जातो. फणी आम्ही ॲक्रिलिकची करतो. प्लाय लेझरने कापला की कडा करपतात आणि पांढरं सूत काळं होतं. सांगाडा सागवानी. ताण धरणारं दातेरी चाक आणि खिटी बाबांची, त्यात कुणी बोलायचं नाही. बाणा, म्हणजे आडवा धागा, जास्त ओढला आणि काठ आत आला तर ती हाताची सवय, ती सुटते. ताणा, म्हणजे उभे धागे, एकाच बाजूला सैल पडत असेल तर माग आमच्याकडे आणा. ताण्यासाठी आम्ही दुपदरी २० नंबरचं सूत देतो. हातकताईचं सूत सुरुवातीला बाण्यातच घालावं, ताण्यात ते टिकत नाही. भिवंडीचे यंत्रमाग इथून हाकेच्या अंतरावर आणि आमच्याकडे एक पंचा विणायला लोक रविवारमागून रविवार घालवतात. बाबांना याची अजून गंमत वाटते.

दोन गोष्टी सारख्या विचारल्या जातात. चरखा आणि हातमाग यांना जीएसटी माफ आहे, हे खरं. पण माफीच्या मालावर लाकडाचा, पितळेचा भरलेला कर परत मिळत नाही, तो किमतीत येतोच. दुसरं, आम्ही कशावरही 'खादी' लिहीत नाही. त्या नावाने विकायला खादी आयोगाचं प्रमाणपत्र लागतं.

सगळ्यात जास्त जीव रमतो तो दुरुस्तीत. ठाण्याच्या जुन्या घरांत माळ्यावर हमखास एखादा पेटी-चरखा निघतो. गांधीजींच्या येरवड्याच्या तुरुंगवासात घडलेला हा प्रकार : मोठ्या चाकावरून लहान चाक, त्यावरून चाती (धाग्याला पीळ देणारी सळई), म्हणून वेग वाढतो आणि मिटला की पेटी. सुधारित चरख्यासाठी १९२९ साली चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं, हे कळल्यापासून बाबा प्रत्येक चरखा परीक्षकाच्या नजरेने उघडतात. चाती सरळ करून देतो, माळ, म्हणजे चाकांवरची दोरी, बदलतो. पेटीचं जुनं पॉलिश घासून नवं करा म्हणाल तर ते करत नाही. चरखा घेऊन येणारे आजी-आजोबा बहुधा शाळेत सूतकताई शिकलेले असतात. त्यांना आम्ही काही शिकवायला जात नाही, रविवारच्या वर्गात नवख्यांच्या शेजारी बसवतो.

नक्षी काढता येईल असा मोठा माग कधी करणार, असं विचारणारे वाढलेत. नमुना तयार आहे, पावसाळाभर गाळ्यातच उघडा ठेवलाय. लाकूड फुगून काही अडकलं नाही तर दिवाळीनंतर ऑर्डर घेऊ. आगाऊ रक्कम तोवर कुणी पाठवू नये.