दहा बाय दहाच्या खोलीत बारा नंबरचं लेणं

भुसावळला माझी खोली दहा बाय दहाची. पलंग उभा करून भिंतीला टेकवला की चालायला जेमतेम आठ फूट मिळतात. एवढ्या जागेत मला व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या आभासी जगात, अजिंठ्याचं बारा नंबरचं लेणं उभं करायचंय, आणि त्यात पायांनी चालायचंय. बटण दाबून इथून तिथं उडी मारायची सोय असते, पण मग दालन किती लांब होतं ते पायांना कळत नाही. हातातल्या कंट्रोलरची स्टिक ढकलून सरकत गेलं तर डोळ्यांना वाटतं चाललो, कानाच्या आतला तोल सांगतो उभाच आहेस, आणि मळमळतं.

२००१ साली शरीफ रझाक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती मांडली. चालताना दृश्य हळूच फिरवायचं. माणूस सरळ चाललो असं समजून ते सावरत राहतो आणि प्रत्यक्षात गोल फिरतो. (आजी दारातून विचारते, "गोल गोल काय फिरू राह्यला रे?") पण हे कळू नये म्हणून गोलाची त्रिज्या साधारण २२ मीटर लागते, असं २०१० च्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे ४४ मीटर रुंद जागा! कापसाचा हंगाम सरल्यावर रिकामी झालेली जिनिंगची मोठी शेडच हवी. मित्र म्हणतात गच्चीवर जा. पण भिंगांतून ऊन आत गेलं तर हेडसेटचा पडदा जळतो, रात्रीच्या अंधारात त्याच्या कॅमेऱ्यांना जागा ओळखू येत नाही, आणि कठड्याची भीती वेगळीच.

लहान खोलीला खरा आधार व्हीआर संशोधक इव्हान सुमा यांच्या कामाचा. त्यांच्या २०१२ च्या प्रयोगांत शेजारच्या दोन लहान आभासी खोल्या निम्म्याहून जास्त, जवळपास ५६ टक्क्यांपर्यंत, एकमेकींवर चढवल्या तरी चालणाऱ्यांना पत्ता लागत नव्हता. बारा नंबरचं लेणं यासाठीच घडवल्यासारखं आहे. तीन बाजूंना चार-चार कोठड्या, प्रत्येकीत दगडी ओटे. एका कोठडीत शिरलात की शेजारच्या कोठडीची जागा तिला द्यायची, बाहेर आलात की परत घ्यायची.

सुमांचाच त्याआधीचा, २०११ चा उपाय याहून धीट आहे: माणूस दुसरीकडे बघत असताना पाठीमागचं दारच बाजूच्या भिंतीत न्यायचं. ७७ जणांपैकी एकालाच ते लक्षात आलं होतं. काल्पनिक वाड्यात मी हे खुशाल करेन, अजिंठ्यात नाही. उद्या कुणी जळगावहून एसटीने खऱ्या लेण्यात गेलं, तर दार त्याच भिंतीत सापडलं पाहिजे. कोठड्या एकमेकींवर चढवल्या तरी आत उभ्या माणसाला भिंत, ओटा, दार सगळं मापात मिळतं. खोटं असतं ते फक्त शेजारणीचं ठिकाण, आणि ते त्या क्षणी कुणी बघत नसतं.

डाव्या बाजूच्या चार कोठड्या आता चालता येतात. मधला मंडप मात्र आठ फुटांत बसत नाही. त्यासाठी ओळखीच्या एका जिनिंगवाल्या काकांकडे शेड मागितली आहे.