जाताना रेल्वे, येताना विमान आणि आत्याचा अडकित्ता

आत्याला गुवाहाटीच्या कामाख्या देवीला जायचं होतं आणि मला नऊ दिवसांची रजा मिळाली होती. जुळून आलं म्हणायचं. भांडण एवढंच, की जायचं कशानं. आत्या एकाहत्तर वर्षांची, माहेर-सासर दोन्ही श्रीवर्धनचं. "साडेतीन तासांत आसाम? एवढा वेळ तर मला घरून पनवेलला यायला लागतो. लांब जायचं तर लांब गेल्यासारखं वाटायला नको?" माझं म्हणणं, दोन रात्री गाडीत म्हणजे कंबरेचा भुगा. शेवटी तह झाला. जाताना तिचं, येताना माझं.

तर गेल्या डिसेंबरात आम्ही कुर्ल्याहून गुवाहाटीच्या गाडीत बसलो. थर्ड एसी, तिला खालचा बर्थ, मला मधला. मधल्या बर्थवर माणसाने झोपावं असं ज्याने ठरवलं त्याला एकदा तिथे बसून जेवायला लावलं पाहिजे. सामानात एक अख्खी बॅग खाण्याची होती: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, मेतकूट. आणि आत्याच्या पर्समध्ये तिची चंची.

चंचीबद्दल सांगायला हवं. खणाची, तीन कप्प्यांची, कडेला झिजून दोरे निघालेली. एकात सुपारी, एकात लवंगा, एकात चुन्याची डबी. पान तिने दात गेल्यावर सोडलं, पण डबी राहिली. आणि या सगळ्यात फडक्यात गुंडाळलेला अडकित्ता. दांड्या पितळी, टोकांना एकेक मोर. त्यातल्या एका मोराची चोच झिजून गुळगुळीत झालेली, कारण आत्याचा अंगठा नेमका तिथे येतो. पातं लोखंडी. तिच्या सासूचा, आणि सासूलाही तो तिच्या सासूकडून आलेला. आत्या त्याने सुपारी फोडत नाही, कातरते. कागदासारखी पात निघते, आणि ती कातरताना तिचं लक्ष खिडकीबाहेर असतं. बोटाला कधी लागल्याचं मी पाहिलेलं नाही.

पहिला दिवस खाण्यात आणि झोपण्यात गेला. भुसावळला केळी घेतली. रात्री दहाच्या सुमाराला जबलपूरच्या अलीकडे नर्मदा येते, ती आत्याला चुकवायची नव्हती. एसी डब्याच्या काचा उघडत नाहीत, तेव्हा तिने माझ्या हातात पाच रुपयांचं नाणं ठेवलं: "दारातून टाकून ये. माझ्या नावाने." मी उठले, चपला शोधल्या, एकाच्या पायावर पाय दिला, माफी मागितली. दारापर्यंत पोचले तोवर पूल संपून गेला होता. परत येऊन मी म्हटलं, "टाकलं." नाणं माझ्या जीन्सच्या खिशात होतं.

दुसऱ्या दिवशी मुगलसराय. 2018 पासून पाटीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय आहे, पण डब्यातले सगळे मुगलसरायच म्हणत होते. मग बिहारचा सपाट, धुकट दिवस. आऱ्याच्या पुढे कोईलवरला शोण नदीवरचा लोखंडी पूल लागतो. 1862 सालचा, आणि अजून त्याच्यावरून आपली गाडी धडधडत जाते, हे मी आत्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या अडकित्त्यापेक्षा थोडा मोठाच."

समोरच्या बर्थवर एक आसामी बाई होत्या, आत्याच्याच वयाच्या. मुंबईत मुलाकडे दोन महिने राहून परत निघालेल्या. मेखला-चादर, कपाळाला मोठं कुंकू, आणि बोलणं जवळजवळ नाहीच, कारण त्यांचं हिंदी यथातथा. आत्याचं त्याहून भीषण. पाटणा गेल्यावर आत्याने नेहमीप्रमाणे चंची उघडली, सुपारी कातरली आणि तळहात पुढे केला. "सुपारी होना?" बाईंनी एक पात घेतली, चावली, आणि चेहरा असा केला की आपण लाकूड खातोय पण पाहुणचार आहे म्हणून खातोय. श्रीवर्धनच्या रोठ्याला, म्हणजे आमच्याकडच्या सुपारीला, आजवर कुणी असं तोंड केलेलं नाही. आत्याने ते पाहिलं. रात्रभर ती गप्प होती, आणि ते दुखण्यामुळे नव्हतं.

उत्तर बंगालचा तो चिंचोळा पट्टा झोपेत गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती आत्याच्या हाकेने. "ऊठ गं. बघ, बघ, आलं आपलं."

बाहेर धुकं होतं, भातखाचरं कापून झालेली, आणि प्रत्येक घरामागे पोफळी, सुपारीची झाडं. सरळसोट, दाट, मध्ये केळी, बुंध्यांवर पानवेली चढवलेल्या. पत्र्याची घरं सोडली तर कोकणच. आत्याने काचेला नाक लावलं होतं. तिच्या वाडीत अशाच पोफळी होत्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनला धडकलं आणि दुपारभरात वाडी आडवी झाली. नवी रोपं लावली आहेत, वाढतायत, पण वाडीत गेलं की डोक्यावर आभाळच दिसतं, हे तिचं कायमचं गाऱ्हाणं. आता ती काही बोलत नव्हती. पोफळी मोजत असावी. ओठ हलत होते.

मग न्यू बोंगाईगावला पान-तामोलवाला चढला आणि समोरच्या बाई एकदम माणसात आल्या. तामोल म्हणजे ओली सुपारी, सालासकट. आसामात पाहुणा आला की आधी पान-तामोल पुढे येतं, मग बाकीचं. गुवाहाटी या नावाची फोडही तीच सांगतात: गुवा म्हणजे सुपारी, हाट म्हणजे बाजार. मी हे आत्याला सांगितलं, तर ती माझ्याकडे रागाने बघत म्हणाली, "आणि तू मला हे कुर्ल्याला सांगितलं नाहीस?"

बाईंनी चार तामोल घेतल्या आणि एवढ्याशा सुरीने साल काढायला लागल्या. गाडी हलतेय, सुरी घसरतेय. आत्याला ते बघवेना. तिने सरळ तामोल त्यांच्या हातातून काढून घेतली आणि अडकित्त्यात धरली. गंमत म्हणजे आवाजच झाला नाही. रोठा कातरताना जो कट् कट् आवाज येतो, तो नाही. लोण्यातून गेल्यासारखं पातं गेलं. आत्या स्वतःच चकित. बाईंनी अडकित्ता हातात घेतला, उलटसुलट केला, मोरांवरून बोट फिरवलं, झिजलेल्या चोचीवर थांबल्या आणि आपल्या अंगठ्याकडे बोट दाखवून हसल्या. त्यानंतर गुवाहाटीपर्यंत दोघी बोलत होत्या. एक मराठीत, एक असमियात. बाई तिला बाइदेउ म्हणत होत्या, म्हणजे ताई. आत्या त्यांना अहो बाई म्हणत होती. पोफळीला किती वर्षांनी फळ धरतं यावर दोघींचा वाद झाल्याचं मला बोटांवरून कळलं.

पान, चुना आणि तामोलचा एक विडा मलाही मिळाला. अर्ध्या मिनिटात कान तापले, कपाळाला घाम फुटला, छाती भरून आली आणि डबा सावकाश फिरायला लागला. "लागली," आत्या समाधानाने म्हणाली. दोघी माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की वरच्या बर्थवरचा माणूस उठून बसला.

डोकं जेमतेम ताळ्यावर येतंय तोच सराईघाटचा पूल आला. 1962 साली झालेला, आसामात ब्रह्मपुत्रेवरचा पहिला; खाली गाडी, वर रस्ता. या वेळी मी आधीच दाराशी जाऊन उभी होते. आत्याने नवं नाणं दिलं होतं. मी ते टाकलं, आणि खिशातलं जुनंही टाकलं. नर्मदेचे पाच रुपये ब्रह्मपुत्रेला गेले. नर्मदामाईने समजून घ्यावं, दुसरं काय.

याच घाटापाशी 1671 मध्ये आहोमांचा सेनापती लाचित बोरफुकनने मोगलांचं आरमार बुडवलं. खडकवासल्याच्या एनडीएत सर्वोत्तम कॅडेटला जे सुवर्णपदक देतात ते त्याच्या नावाचं. पण आत्याला त्यातलं दुसरंच नाव आवडलं. मोगलांचा सेनापती होता रामसिंग, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा. 1666 मध्ये आग्र्यात महाराज त्याच्याच जबाबदारीवर होते. महाराज निसटले, रामसिंगावर औरंगजेबाची मर्जी खप्पा झाली, आणि पुढे त्याची रवानगी झाली इकडे, आसामच्या पावसात. आत्याने क्षणभर विचार केला. "म्हणजे आपल्यामुळे बिचाऱ्याला एवढं लांब यावं लागलं. तेही घोड्यावर."

पुढचे पाच दिवस झटपट सांगते. कामाख्येला साडेतीन तास रांग, आत्या उभी राहिली, कुरकुर माझी. काझीरंगात गेंडे दिसले, फोटो आहेत. शिलाँगला थंडी. चेरापुंजीत धुक्यामुळे धबधबे ऐकले.

परत निघण्याच्या आदल्या रात्री मी हॉटेलात फोनवर चेक-इन करत बसले होते. आत्या बॅगा भरत होती. "चंची मोठ्या बॅगेत टाकू का गं?" तिने विचारलं. मी मान वर न करता म्हटलं, "राहू दे पर्समध्ये. विमानात लागेल तुला."

हे वाक्य मी म्हटलं. ते मला अजून शब्द न् शब्द आठवतं.

गुवाहाटीच्या बोरझार विमानतळावर मोठ्या बॅगा आत गेल्या आणि आम्ही तपासणीच्या रांगेत लागलो. आत्याची पर्स मशिनमधून आली ती बाजूच्या पट्ट्यावर. "कैंची है इसमें?" "कैंची नहीं, अडकित्ता," आत्या म्हणाली. जवानाला कळेना. मी हातवारे करून सांगायला लागले, ते हातवारे विमानतळावर करण्यासारखे नव्हते. शेवटी रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "सरौता है भाई, सरौता." तेव्हा जवान हसला, त्याच्या आजीकडेही आहे म्हणाला. माणूस भला होता. पण नियम तो नियम: धारेची वस्तू हातातल्या सामानात चालत नाही. बाहेर जाऊन मोठ्या सामानात टाका, नाहीतर इथे सोडा.

मी घड्याळ बघितलं. दार बंद व्हायला चाळीस मिनिटं. मागे रांग, लोक जोरात श्वास सोडतायत, माझे बूट अजून ट्रेमध्ये. "किती वेळ लागेल बाहेर जाऊन यायला?" आत्याने विचारलं. "विमान चुकेल आत्या. सोड तो. नवीन घेऊ आपण."

तिने वाद घातला नाही. तिने घातला असता तर बरं झालं असतं. तिने अडकित्ता मिटला, पदराने पुसला, फडक्यात गुंडाळला, आणि जवानाच्या हातात न देता स्वतः त्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवला. पेटीत लायटर होते, दोन-तीन कात्र्या, एक पेचकस. तिने तो कोपऱ्यात ठेवला, लायटरांपासून जरा लांब. सुपाऱ्या मात्र जाऊ दिल्या. दगडासारख्या अकरा सुपाऱ्या, एखाद्याला फेकून मारली तर टेंगूळ येईल, त्यांना कुणी काही म्हणालं नाही.

गेटपाशी पोचलो. खुर्चीत बसलो. आणि समोरच्या फलकावर आमच्या विमानापुढे वेळ बदलली: एक तास पन्नास मिनिटं उशीर.

आत्याला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. तिने फलक बघितला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मी म्हटलं, "जाऊन येऊ का? विचारते मी." पण मी उठले नाही. आता काय उपयोग, पुन्हा ती रांग, आत सोडतील की नाही, असं मी मनात बरंच काही म्हटलं आणि मोबाइल चार्जिंगला लावला. तिने एक अख्खी सुपारी काढून हातात धरली, आणि दोन तास ती तळहातावर फिरवत बसली. "वेळ होता की गं," एवढंच म्हणाली.

विमानाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. खिडकी तिला दिली, बाहेर ढग. "काही दिसतच नाही, तर खिडकी ठेवलीय कशाला?" आसाममधून उडालेल्या विमानात दीडशे रुपयांना चहा, गरम पाणी आणि दोऱ्याची पुडी. शेजारच्याशी बोलायला तिने तोंड उघडलं तर त्याच्या कानात बोंडं होती. साडेतीन तासांत मुंबई. कंबर अजिबात दुखली नाही.

जानेवारीत मी नाशिकच्या भांडी बाजारातून नवा अडकित्ता आणून दिला. पितळीच, मोराचाच. तिने चालवून बघितला, "बरा आहे" म्हणाली, आणि फळीवर ठेवला. हल्ली सुपारी पाट्यावर फोडते, आणि मग तुकडा मोठा झाला म्हणून कुरकुरते. परवा फोनवर सगळं बोलून झाल्यावर मध्येच म्हणाली, "त्या पेटीतल्या वस्तूंचं पुढे काय करतात गं?"

"जपून ठेवतात," मी म्हटलं.